लेथाची मांजरं आणि हॉइटचं पातेलं

लेथा क्रॅबट्रीच्या गोठ्यात मांजरं पुष्कळ, पण तिची म्हणावी अशी एकही नव्हती. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात गोठ्यातल्या मांजराला कुणी नाव देत नाही आणि घरात तर मुळीच घेत नाही. त्यांनी उंदीर धरावेत आणि धारेच्या वेळी ताटलीपाशी हजर व्हावं, एवढाच व्यवहार. लेथाचा नवरा अर्लिस म्हणायचा, "मांजर उंबऱ्याच्या आत आलं की मी बाहेर." अर्लिस गेला, पण नियम राहिला.

त्याच्या मागे चार गाई आणि चाळीस एकराची टेकडी लेथा एकटीने सांभाळत होती. कामाला वाघीण आणि तोंडाने त्याहून. तिच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला पहार लागायची.

दरवर्षी मे महिना लागला की तिची मांजरं मरू लागत. काल उंदरामागे धावणारं मांजर आज ताटलीकडे बघायचं नाही, ओसरीखाली जाऊन पडायचं, हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि आठवडा काही काढायचं नाही. एका वर्षी गोठा जवळजवळ रिकामा झाला, तेव्हा लेथाच्या डोक्यात एकच नाव आलं: हॉइट स्पर्लॉक.

ओढ्यापलीकडचा हॉइट अर्लिसचा जिवलग. अर्लिसची कबर त्यानेच खणली होती. पण लेथाची मांजरं त्याच्या रानातल्या लावा पक्ष्यांची पिल्लं खातात अशी त्याची तक्रार होती, आणि त्याच्या शेडच्या दाराशी गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या गोड पाण्याचा डबा होता. ते पाणी मांजराला विषासारखं. लेथाला एवढा पुरावा पुरला. तसला डबा तिच्या स्वतःच्या शेडमध्येही होता, पण ते कोण लक्षात घेतो?

मेअखेरच्या रविवारी सगळी वाडी दफनभूमीत जमते. आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची आणि मग ओकच्या झाडाखालच्या लांब टेबलावर घरोघरचं जेवण मांडायचं. ताट घेऊन ओळीने जायचं आणि प्रत्येकाच्या भांड्यातलं थोडं तरी घ्यायचं, ही तिथली रीत. हॉइटची बायको त्या वर्षी नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या हाताने डुकराचं मांस घालून राजमा शिजवून आणला होता. लेथा त्या पातेल्यासमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मांजरांना विष घालणाऱ्याच्या हातचं मला नको."

तिच्या मागच्यांनीही ते पातेलं ओलांडलं. काहींनी विषाच्या भीतीने, बाकीच्यांनी लेथाच्या जिभेच्या. हॉइट भरलं पातेलं घेऊन घरी गेला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा राजमा आणला आणि तसाच परत नेला.

"कोडगा मेला," लेथा म्हणाली. पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची.

हॉइट हिवाळ्यात कातड्यासाठी बॉबकॅट पकडायचा. बॉबकॅट म्हणजे तिकडचं आखूड शेपटीचं रानमांजर. त्यातलं एक थोराड, मिशाळ रानमांजर लेथाच्या गोठ्यामागे पूर्वीपासून फिरकायचं. आता हॉइटची जिरवायची म्हणून तिने त्या रानमांजराला कुंपणापाशी कोंबडीची आतडी घालायला सुरुवात केली. "त्याच्या सापळ्यात मरण्यापेक्षा माझ्याकडे जेव, बाबा." कुठल्याच मांजराला नाव न देणाऱ्या बाईने याचं नाव ठेवलं जज्जसाहेब. जज्जसाहेब रोज येऊ लागले. मांजरं मरतच राहिली, आणि लेथाचा राग वाढतच गेला.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात एका गाईचं वासरू आडवं आलं म्हणून गुरांची डॉक्टरीण आली होती. वासरू सुटलं. हात धुताना तिला गव्हाणीखाली पडलेली तांबडी मांजरी दिसली. तिने मांजरीचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पिवळ्या पडल्या होत्या.

"विष घातलंय," लेथा म्हणाली. "कुणी ते मी सांगते."

"थांबा, मावशी," म्हणत डॉक्टरीण मांजरीला दवाखान्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी लेथा तिथे पोचली, तेव्हा डॉक्टरणीने रक्त तपासलं होतं.

"विषबिष काही नाही. रक्तात जंतू आहेत, गोचिडीतून आलेले."

"गोचिडी इथे कुणाला चावत नाहीत? मलाही चावतात."

"तुम्हाला हा ताप येत नाही, हा मांजरांचा. रानमांजराच्या रक्तात तो निवांत बसतो, त्याला बहुतेक काही होत नाही. त्याच्या अंगावरची गोचीड खाली पडते, कात टाकते आणि पुढे घरच्या मांजराला चावते. मग ते मांजर बहुधा जातंच. तुमच्याकडे एखादं रानमांजर येतं का?"

"येतं," लेथा म्हणाली. "जेवायला येतं. मीच वाढते."

घरी येताना तिला शरम वाटली. मांजरांची वाटलीच, पण हॉइटची जास्त. त्या संध्याकाळी जज्जसाहेब कुंपणाशी येऊन बसले, तेव्हा तिने रिकामी परात बडवली. "जा बाबा. दोष तुझा नाही, पण जा." ते गेले, आणि तिला वाईट वाटलं.

तांबडी औषधाने कशीबशी वाचली. पण जंतू तिच्या रक्तात राहिले असतील, तिला गोठ्यात सोडू नका, असं डॉक्टरणीने बजावलं होतं. लेथाने तिला उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं. "अर्लिस, तू आता बाहेरच आहेस," ती म्हणाली, "मग हिला येऊ दे आत."

मेअखेरचा रविवार आला. अर्लिसची कबर साफ करून लेथा ताट घेऊन ओळीत सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. हॉइट नेहमीसारखा लांब, टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या पातेल्यावरचं झाकण कुणी काढलं नव्हतं. ते तिने काढलं.

"हॉइटभाऊजी, इकडे या," ती ओरडली. "विष तुम्ही घातलं नव्हतं. मांजरं गोचिडीच्या तापाने मेली, आणि तो ताप पसरवणाऱ्या रानमांजराला मीच जेवायला घालून दारात बसवलं. बोलले होते सगळ्यांदेखत, म्हणून सांगतेही सगळ्यांदेखत. चुकले मी."

तिने पळीभर राजमा वाढून घेतला आणि तिथेच उभ्याने एक घास तोंडात टाकला. तिचं तोंड वाकडं झालं.

"अहो भाऊजी, किती हे मीठ! घशाखाली उतरत नाही."

हॉइटने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "असेल, वहिनी. आजवर कुणी खाल्लाच नाही. सांगणार कोण?"

लेथाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घास गिळला, पळी उचलली आणि आणखी वाढून घेतलं.