अडसाली का सुरू

दुष्काळ सरला त्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वडलांचं, आण्णांचं, मिरजेला फुप्फुसाचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरच्या तात्यांचंबी त्याच आठवड्यात. दोघांना कॅन्सर, पुढं दोघांना तीच इंजेक्शनं, दोघांचेबी केस गेले. आमी साताऱ्याकडचे, ते तासगावचे, दोन्ही घरं ऊसवाली. तात्यांची लेक माझ्याच वयाची आणि मला ती बघवत न्हवती, कारण तिचे तात्या भाकरी खायचे आणि आमच्या आण्णांना पेजबी ठरत न्हवती. मी चोरून तिच्या डब्यात बघायची, तात्यांचं काही उरलंय का.

किती दिवस जगीन, असं आमच्यात तोंडावर कुणी विचारत न्हाई. सगळी इंजेक्शनं संपली तवा पौष चालला होता. घरी सोडायच्या दिवशी तात्यांनी विचारलं, "यंदा कंचा ऊस धरू, सायेब?"

डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले, त्यांना बरोबर कळलं. सुरू ऊस आत्ता लावला की वर्षात तुटतो. अडसालीला आषाढापर्यंत थांबायचं, वर आणि दीड वर्ष. म्हंजे दोन वर्षं झाली. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. "अडसाली लावा."

मग आण्णांनी तेच विचारलं. आमचा एक्स-रे त्यांनी लय वेळ धरला.

"तुमी सुरूच लावा."

ती पोरगी पिशवी भरत होती. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई, तरी मला वाटलं ती गालात हसतीय. एस्टीत आण्णा खांद्यावर डोकं टेकून झोपले आणि मी साताऱ्यापर्यंत तिच्यावरच जळत बसले. तिला दोन वर्षं, मला एक. का म्हणून?

आण्णांनी सुरू लावला. मी रोज बांधावर जायची. ऊस वाढलेला दिसला की मी तोंड फिरवायची, पाण्याची पाळी चुकली की बरं वाटायचं. तरी वर्षानं तोड आलीच. आण्णा बांधावर उभं राहून, बुडख्यापासनं तोडा म्हणून तोडकऱ्यांवर वरडत होते. त्याच बुडख्यांना फुटलेल्या कोंबांवर त्यांनी परत पीक धरलं, खोडव्याचं.

उन्हाळ्यात दाखवायला मिरजेला गेलो, तर दवाखान्याच्या दारात ती, एकटीच, कसलेतरी कागद न्यायला आलेली. अडसाली डोक्याच्या वर गेलाय म्हणाली. तात्या दिवाळीतच गेले. मग ती आण्णांना वरनं खालपर्यंत बघत राहिली, मी तिच्या डब्यात बघायची तसं.

"तुमी काय धरलंय यंदा?"

आण्णाच म्हणाले, "खोडवा हाय, पोरी."