सोळाव्या पानावरचं ‘टच अँड गो’

इस्पितळात त्यांना सगळे दुभाषीबाई म्हणत. कागदोपत्री त्या नोंदणी कारकून. पण डॉक्टर बाहेरून आलेले, बोलणार इंग्रजीत, आणि नातेवाईक त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. मग कुणीतरी ओरडायचं, "अहो, बाईंना बोलवा!" की बाई हजर. चष्मा कपाळावर, काखेत जाड पुठ्ठ्याची वही. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. घोळका दिसला की डॉक्टरांच्या आधी त्याच खेकसायच्या, "एकेकानं बोला, हा काय बाजार आहे?" अशी एकवीस वर्षं गेली.

त्या वहीत डावीकडे इंग्रजी बोलण्यातल्या खोचा आणि उजवीकडे त्यांचा अर्थ. शाळेत शिकलेल्या इंग्रजीनं बाईंना पहिल्याच महिन्यात तोंडघशी पाडलं होतं. शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य काही केल्या कळेना! तेव्हापासून त्या डॉक्टरांना जिन्यात गाठायच्या. "म्हणजे नक्की काय? कधी म्हणतात? कुणाला म्हणतात?" असं विचारून भंडावून सोडायच्या आणि उत्तर लिहून घ्यायच्या. सोळाव्या पानावर होतं ‘टच अँड गो’. त्याच्यासमोर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं: काठावर. राहील की जाईल, आत्ता कुणीच सांगू शकत नाही. जवळच्यांनी लांब जाऊ नये.

पण वहीतलं वहीत आणि तोंडातलं तोंडात. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं नाही, ही बाईंची रीत. कडू गोळी गुळात घालून द्यायची. "अर्थ पोचल्याशी कारण," त्या म्हणायच्या, "माणसाला चटका कशाला द्यायचा?" लोकही खूश. बाई किती गोड सांगतात, म्हणायचे. एकवीस वर्षं हे खपून गेलं. खपतंय तोवर आपण शहाणेच असतो म्हणा!

मग तो शिंपी आला. साठीचा, छातीत पाणी झालेला. सोबत एकुलती एक लेक. आई नव्हती, दुसरं कुणी नव्हतं. तीन दिवस ती पोरगी बाकावर बसून होती, चहावर जगत. चौथ्या दिवशी सकाळी तरुण डॉक्टर खोलीतून बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "इट्स टच अँड गो." लेकीनं बाईंची बाही धरली.

"काय म्हणाले? मी घरी जाऊन येऊ का हो? संध्याकाळपर्यंत येते."

बाईंना सोळावं पान लख्ख आठवलं. शेवटच्या ओळीसकट आठवलं. पण पोरगी उभ्या जागी कोसळेल अशी दिसत होती, आणि खरं सांगितलं असतं तर तिनं तिथंच हंबरडा फोडला असता.

"म्हणतात, आमचं लक्ष आहे. जा तू. आंघोळ कर, दोन घास खा, जरा पाठ टेक. मी बसते ना त्यांच्याजवळ."

डॉक्टरला यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेला.

दुपारी साडेतीनला शिंपी गेला. बाई उशाशी होत्या. तेवढा शब्द मात्र त्यांनी पाळला. लेकीला चार फोन केले, तिनं उचलले नाहीत. झोपली होती बिचारी. बाईंनीच झोप म्हणून सांगितलं होतं ना! सहाला ती आली, हातात वडलांचा इस्त्री केलेला शर्ट घेऊन.

आठवड्याभरात तिनं अर्ज दिला. डॉक्टरांनी काळजीचं काही नाही असं भासवलं, मला फसवून घरी पाठवलं, असा. डॉक्टर म्हणे, मी स्पष्ट सांगितलं होतं. त्याला काढून टाकणार, अशी कुजबुज सुरू झाली. आणि बाईंचं झालं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोलावं तर एकवीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावं तर एका निरपराध पोराची भाकरी.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करत बसलेला. डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाला, "अगं, तू तिच्या चांगल्यासाठीच बोललीस ना?"

"तिच्या नाही, माझ्या," बाई म्हणाल्या. "तिचं रडणं मला बघायचं नव्हतं." आणि त्या स्वतःच रडल्या. लाज वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही.

चौकशीच्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत चौघंच होते. साहेब, डॉक्टर, लेक आणि बाई. साहेबांनी विचारलं, "बाई, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

बाईंनी वही उघडली, सोळावं पान काढलं आणि ते साहेबांकडे न सरकवता लेकीपुढे ठेवलं.

"हे म्हणाले. याचा अर्थ मला ठाऊक होता. बघ, माझंच अक्षर आहे. तुला मी दुसरंच सांगितलं. डॉक्टरांची काही चूक नाही, पोरी. चूक माझी आहे."

लेकीनं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून परत वाचलं. बाईंना वाटलं, आता पोरगी वही तोंडावर फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मी गेले नसते," ती एवढंच म्हणाली. मग विचारलं, "शेवटी तुम्ही होतात ना तिथं? आबांनी मला हाक मारली?"

‘नाही गं, झोपेतच गेले’ हे बाईंच्या जिभेवर तयार होतं. एकवीस वर्षांची सवय ती! बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

"मारली," त्या म्हणाल्या. "दोनदा. मी त्यांना म्हटलं, ती जिना चढतेय."