ताईच्या मापाचं धनुष्य

माझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस सरळ, बोलणं मोजकं, आणि हट्ट असा की समोरच्याने कपाळ बडवून घ्यावं. ताई गेल्यापासून मात्र त्यांच्या घरी जायचं मी टाळते. भुताखेतांना मी भीक घालत नाही हो! पण भाऊजी दारातून आत शिरताना क्षणभर अंग चोरून बाजूला सरतात, कुणाला तरी आधी जाऊ देतात. ते पाहिलं की अंगावर काटा येतो. आणि विचारायची सोय नाही.

ताई तिरंदाजीत पटाईत होती. जन्मभर साध्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यावर भागवलं आणि दुकानाच्या काचेतल्या टॉप मॉडेलकडे बघून हळहळली. आता तिची लेक, आमची मुंगी, शिकतेय. संघाची निवड चाचणी तोंडावर आली आणि ताईचं जुनं धनुष्य तडकलं. म्हणून आम्ही तिघं दुकानात गेलो.

दुकानदाराने टेप काढली. "दोरी किती लांब ओढते पोरगी? हाताचं माप घेऊ."

भाऊजींनी मुंगीकडे न बघताच आकडा सांगून टाकला. ताईचा.

"अहो, काहीतरीच काय! ही केवढीशी," मी म्हटलं.

दुकानदारालाही ते पटेना. "साहेब, भारीतलं एका मापाला बसवलं की फारसं हलत नाही. त्यापेक्षा हे साधं घ्या. स्क्रू फिरवले की पोरीबरोबर वाढतं, शिवाय स्वस्त. भारीतलं पुढे बघू."

"टॉप मॉडेलच द्या. त्याच मापाचं," भाऊजी म्हणाले. "होईल ती तेवढी."

शेवटी माप तेच ठेवून, नुसता दोरीचा ताण कमी करून त्याने ते मुंगीच्या हातात दिलं. दुकानामागे लक्ष्य लावलेलं होतं. दोरी ओढता ओढता तिची मूठ पार कानामागे गेली, खांदा वर चढला. तरी तिने बाण सोडला. सटकन दोरी हातावर बसली. बाण कुठे गेला देव जाणे. हातावर लालभडक वळ उठला.

आणि भाऊजी हसले.

"तिलाही तिथेच लागायचं," ते म्हणाले. इतक्या प्रेमाने म्हणाले की मला भीतीच वाटली.

मग माझं डोकं फिरलं. "भाऊजी, ताई गेली! ही जिवंत पोर समोर उभी आहे. या धनुष्याने तिचा एक बाण धड लागणार नाही. चाचणीत हसं होईल तिचं. तिचं माप सांगा!"

भाऊजी वळाकडेच बघत होते. दुकानदाराने साधं धनुष्य उचलून माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला तोच मुंगीने वळावर बाही ओढून घेतली.

"ओरडू नकोस ना, मावशी. हेच घेऊ या," ती हळूच म्हणाली. "बाबा आज माझ्याकडे बघून हसले."