अखाजीचा मुऱ्हाळी

रत्नाने ओवाळणीच्या ताटाला हात लावला नाही, त्या क्षणी माझं सगळं बदललं. साल त्र्याऐंशी. अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे बागलाणातल्या अखाजीचा, आदला दिवस.

रत्ना नाशकात होस्टेलला राहून शिकायची. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलेलं, तरी तिच्यासाठी रोज गेटवर हजर. तिचा भाऊ सुभाष माझा दोस्त, सिन्नरला कारखान्यात. सणाला त्याला रजा मिळेना. म्हणाला, तिला गावी तू पोचव. पुढचं काही ऐकायला मी थांबलोच नाही.

जाणार असाल तर सीबीएस स्टँडवरून सकाळचीच सटाणा गाडी धरा, दुपारी पत्रा भाजून काढतो. पिंपळगावला गाडी थांबते, तिथली भजी चांगली. खिडकीसाठी मी एकाची गचांडी धरली, तर रत्ना म्हणाली, "तिकीट भांडायला काढलंयस का?" मग वाटभर ती झोक्याचंच बोलत होती. दारचा लिंब, गौराईची गाणी. वर्षभर ती याच तीन दिवसांची वाट बघायची. सटाण्यापुढे तासभर नदीकाठाने पायी. पाणी जवळ ठेवा.

तिचे वडील निवृत्त गुरुजी. जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "हाऊ आमना मुऱ्हाळी शे."

शब्द मला आवडला. अर्थ विचारला, तर गुरुजी खुलले. लेकीला सासरहून आणायला माणूस धाडायचा, त्याला जुनी माणसं मूळ म्हणत. त्यावरूनच मुऱ्हाळी आला असावा, असं त्यांचं मत. जायचा तो बाप नाहीतर भाऊ.

"आता पोरी शिकायला बाहेर राहतात," गुरुजी म्हणाले. "सासर नाही, तरी आणणारा मुऱ्हाळीच. पोरींबरोबर शब्दही घराबाहेर पडला बघ. मान मात्र तोच, भावाचा. बहीण ओवाळते त्याला."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत ओरडून सांगायला उठलोच होतो की मी हिचा भाऊबिऊ नाही. रत्नाच्या आईंनी निरांजन लावलेलं, टोपी-टॉवेल तयार.

रत्ना ओट्यावरच थांबली. "माय, माले कावळा शिवना," म्हणाली.

पाळी आली, हे सांगायची ती रीत. आई पुटपुटल्या, ताट आत गेलं. रत्नासाठी ओट्याच्या टोकाला गोणपाट आलं. आता तीन दिवस ना घर, ना गौराई, ना झोका.

दुसऱ्या दिवशी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. तुम्ही लाजू नका, मागून घ्या. माझं लक्ष ओट्याकडे. लिंबाखाली पोरी गात होत्या आणि रत्ना गोणपाटावर बसून पायाने ताल धरत होती. निघताना मी लांबूनच विचारलं, "खरंच शिवला?"

"माझा झोका गेला," ती म्हणाली. "आता एकटा येऊ नकोस. तुझ्या आईला घेऊन ये."

नाशकात आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मुलगी गुणाची दिसते, पण कॉलेज सोडलेल्या बेकाराचं स्थळ घेऊन मी कुठल्या तोंडाने जाऊ? एरवी मी भांडलो असतो. पण डोळ्यांपुढे ते गोणपाट होतं. गुरुजींचा शब्द घराबाहेर पडला होता. मी मात्र अजून गेटवरच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे इस्त्रीचा शर्ट घातला. सुभाषच्या कारखान्यात माणसं घेत होते. आईने डबा पुढे केला. मी बाहेर पडलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दार न आपटता लावलं.