मोडणारा भोवरा

औरंगाबादच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र शिकवायचे. आमच्या विभागप्रमुखांचा पाण्याशी संबंध भाषणापुरता होता. प्रयोगशाळेत आलेच तर कोटाची बाही भिजेल म्हणून दारातूनच सूचना करायचे.

त्या उन्हाळ्यात मी बजाजनगरातून जाड काचेची लांब नळी आणली. तोंडाशी तिरकी पाती बसवली, म्हणजे आत शिरणारं पाणी गरगरत पुढं जाईल. मधोमध बारीक सुईतून लाल शाई सोडली. पाती जराशीच तिरकी असली की शाईचा धागा सरळ जायचा. जास्त वळवली की तोच धागा वाटेत थबकायचा, कांद्यासारखा फुगायचा, अन् त्या फुग्याच्या पोटात पाणी चक्क मागं वाहायचं. भोवरा असा मोडतो हे पुस्तकात वाचलं होतं. आता डोळ्यांनी बघत होते. जेवणाचा डबा तसाच राहिला.

मोठ्या हौसेनं मी साहेबांना बोलावलं. दारातूनच बघून म्हणाले, नळीत हवा शिरलीय, जोड आवळून घ्या. हवेचा बुडबुडा लाल कसा असेल, असं मी विचारलं. त्यांच्या डोक्यात फक्त पुढच्या आठवड्यात येणारी तपासणी समिती होती.

"मॅडम, पाहुण्यांना पाणी सरळ वाहताना दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "उलटं पाणी दाखवून कॉलेजची अब्रू घालवू नका."

"सर, पाणी आपलं ऐकत नाही."

सोमवारी बघते तर काचेच्या नळीच्या जागी लोखंडी पाइप, वर ताजा हिरवा रंग. समितीचे तिघं आले. त्यातल्या एकानं, स्वतः प्राध्यापक असलेल्या माणसानं, पाइपावर थाप मारून विचारलं, आत प्रवाह कसा आहे? साहेब म्हणाले, एकदम सरळ. तिघांनी माना डोलावल्या आणि समोसे खायला गेले. मला राग येईल असं वाटलं होतं. आली ती नुसती शिसारी.

नळी भंगाराच्या खोलीत सापडली, एका टोकाला तडकलेली. तेवढं टोक कापून टाकलं आणि मागच्या शेडमध्ये ती पुन्हा उभी केली. तपासणीत आम्हाला 'उत्तम' शेरा मिळाला, साहेबांच्या गळ्यात हार पडला. मी तिकडं गेले नाही. शेडमध्ये शेवटच्या वर्षाची एक मुलगी त्या फुग्याकडं एकटक बघत होती. पाणी मागं का येतं, असं तिनं विचारलं. मी खडू घेतला.