मचवा पाणी पितो

काकांचा मला राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. ते माझे सख्खे चुलते. रत्नागिरीच्या बंदरात ज्या मालवाहू मचव्यावर मी इंजिन बसवलं, त्याच मचव्याचे ते तीस वर्षं तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्यांच्या हातचं सुकाणू गेलं ते माझ्यामुळे. ते कसं गेलं हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आता सांगतो. फार उशीर झालाय, हे मला कळतं.

मुंबईच्या गोदीतल्या कारखान्यात सात वर्षं हातोडा आणि पाना चालवून मी गावी परतलो होतो. मचव्याच्या मालकाला, म्हणजे शेठना, शिडाचा भरवसा राहिला नव्हता. वारा पडला की कौलं भरलेला मचवा दोन-दोन दिवस एका जागी डुलत राही. त्यांनी जुनं इंजिन विकत घेतलं आणि ते बसवायला मला बोलावलं. काकांना हे मुळीच आवडलं नाही. "वारा फुकट मिलतो, मचव्याला तेल कशाला पाजायचा?" असं ते चारचौघांत म्हणत आणि माझ्याकडे बघून हसत. मीही कमी नव्हतो. त्यांना वाचता येत नाही, हे मी त्यांच्याच खलाशांसमोर दोनदा बोलून दाखवलं होतं.

पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि वर नारळाच्या झापांचं छप्पर घालतात. त्या छपराखाली बसून मी श्रावणात काम पुरं केलं. इंजिनातून एक लोखंडी चकती बाहेर येते, पाण्याखाली फिरून मचवा ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टलाही, म्हणजे दांड्यालाही, तशीच चकती असते, आणि त्या दोन्ही समोरासमोर बोल्टांनी आवळतात. दोघींची तोंडं एकमेकींना सारखी टेकली पाहिजेत, नाहीतर शाफ्ट तिरका फिरतो. मी त्या अशा टेकवल्या की मधून विडीचा कागद जाईना. मला माझंच कौतुक वाटत होतं.

काका वाकून बघत होते. म्हणाले, "अजून पान्यात गेला नाय मचवा. आताच कसला जोडतंस?"

"काका, हे लोखंडाचं काम आहे. तुम्ही तुमची दोरखंडं सांभाळा," मी म्हणालो.

त्यांनी पान थुंकलं आणि निघून गेले.

नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात लोटला. आमच्याकडची रीत अशी की मचवा पाण्यात गेला की पाच दिवस नुसता नांगरून ठेवायचा, माल भरायचा नाही. कोरड्या फळ्या पाणी पितात, फुगतात आणि सांधे आपोआप बंद होतात. ते पाच दिवस मी बंदरावर बसून या रीतीची टिंगल केली. गोदीत मी लोखंडी बोटी बघितल्या होत्या, त्यांना पाणी पाजावं लागत नसे.

सहाव्या दिवशी इंजिन चालू केलं. हळू चाललं तेव्हा ठीक होतं. वेग वाढवला आणि मचवा थरथरायला लागला. कंदिलाची काच खडखडून फुटली. चहाचा टोप चुलीवरून सरकला. पायाखालच्या फळ्यांतून ती थरथर दातांपर्यंत यायची. चार फेऱ्या झाल्या तसा मागच्या सांध्यांत ठासलेला काथ्या सुटून पाणी आत यायला लागलं. काका सुकाणूवर उभे राहून एवढंच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडे." खलाशी हसले. शेठनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर इंजिन उतरेल आणि त्याबरोबर मीही.

मी इंजिनाचे पाय आवळले, काही फरक नाही. दोन चकत्या सोडवून इंजिन एकटंच चालवलं, तर ते गरीब गाईसारखं चाललं. म्हणजे दोष मागे, शाफ्टमध्ये नाहीतर पंख्यात. त्या चकत्या तेव्हा माझ्या हातात होत्या. परत जोडताना त्या कशा बसतात हे मी बघायला हवं होतं. पण ते माझं स्वतःचं काम होतं आणि त्यात चूक असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी जोर लावून बोल्ट आवळले.

मग भरतीला मचवा वाळूवर घेतला आणि ओहोटी लागताच पंखा उघडा पडला. एका पात्याच्या कडेला खोक होती, करंगळीचं टोक बसेल एवढी. मला आनंद झाला. तो आनंद मला अजून आठवतो आणि त्याची मला किळस येते. शेठ बंदरावर उभे होते. मी ओरडून सांगितलं, "तांडेलांनी खाडीच्या तोंडाशी मचवा खडपाच्या दगडांवर घातलाय. हे बघा पातं!"

काका गुडघाभर पाण्यातून आले आणि पात्याला हात लावला. "तीस वर्सं झाली शेठ. माजा मचवा खडपाला लागला नाय कदी."

"मग हे काय उंदरांनी कुरतडलं?" मी म्हणालो.

शेठना माणसाच्या शब्दापेक्षा समोर दिसणारी खोक खरी वाटली. त्याच संध्याकाळी त्यांनी सुकाणू दुसऱ्या खलाशाच्या हाती दिलं. काकांनी आपली घोंगडी आणि पानाची चंची उचलली आणि मागे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी ती खोक कानशीने घासताना मला आठवलं. पंखा बैलगाडीतून आणला तेव्हा उतरवताना तो हमालांच्या हातून सुटून जांभ्याच्या पायरीवर आपटला होता. मी तिथेच उभा होतो, हमालांना शिव्याही मीच दिल्या होत्या. तरी मी घासत राहिलो आणि गप्प बसलो. पातं गुळगुळीत केलं, मचवा तरंगवला, इंजिन चालवलं. थरथर होती तशीच.

तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चकत्यांचे बोल्ट पुन्हा सोडले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बघितलं. खाली दोन्ही चकत्या टेकल्या होत्या. वर रुपयाची कड आरामात आत जात होती. छपराखाली जिथे विडीचा कागद जात नव्हता, तिथे आता रुपया जात होता. इंजिन हललं नव्हतं, शाफ्टही हलला नव्हता. मचवाच बदलला होता. फळ्यांनी पाणी प्यायलं, लाकूड फुगलं, तळ किंचित वाकला आणि माझं लोखंडाचं काम वाकडं झालं. काकांनी हेच सांगितलं होतं, मला समजेल अशा भाषेत, फुकटात.

मी इंजिनाच्या पायांखाली पितळेचे पातळ पत्रे सारले आणि मचवा पाण्यात असतानाच चकत्या पुन्हा सारख्या केल्या. इंजिन चालू केलं. टोपातला चहाही हलला नाही. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेखाली मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पंखा घासला, काम झालं."

दोन दिवसांनी काका बंदरावर भेटले. जाळ्याची गाठ मारत होते. तांडेलाने दुसऱ्याची जाळी शिवावीत, यापेक्षा खालचं काम आमच्या बंदरात नाही.

"थांबला ना?" त्यांनी विचारलं.

"थांबलं. पंख्याचं होतं."

त्यांनी मान वर केली. "पानी पियाला मचवा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला. पुढे वर्षभर रस्त्यात दिसले की मीच तोंड फिरवायचो.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मचवा लोटायला नेहमीप्रमाणे सगळी वाडी जमली. हातांची गरज असते, त्यामुळे भांडणं त्या दिवसापुरती बाजूला ठेवतात. काकाही आले होते आणि दोराला उभे होते. शेठनी विचारलं, "मिस्त्री, शाफ्ट जोडला का?"

"नाही शेठ. पाच दिवस पाण्यात राहू दे, मग जोडतो. लाकूड पाण्यात गेलं की अंग बदलतं."

"वा! हे कुठे शिकलात?"

काका माझ्यापासून चार हातांवर होते. 'काकांकडून' एवढा एक शब्द पुरे होता. शेठ अजून ऐकायच्या मनःस्थितीत होते आणि नवा तांडेल त्यांना फारसा पसंतही नव्हता.

"मुंबईला," मी म्हणालो, "गोदीत."

काकांनी तळहातांवर थुंकी टाकली, हात चोळले, दोर घट्ट धरला आणि सगळ्यांबरोबर मचवा ओढायला लागले.