खडूने उमटलेलं नाव

आपल्याकडची पोरं विमानं भरभरून ऑस्ट्रेलियात शिकायला येत होती, तेव्हाची गोष्ट. युनिव्हर्सिटी सांभाळून मी मेलबर्नच्या एका लिलावघरात सामान उचलायचो. जुन्या लष्करी रायफलींची किंमत ठरवायला तिथे एक म्हातारा यायचा. रायफलीच्या प्रत्येक भागावर एकच नंबर ठोकलेला असला तर भाव चढायचा. नंबराचा छाप पुसट असला की तो पोलादावर खडू घासायचा, अंगठ्याने पुसायचा आणि खाचांत उरलेले पांढरे आकडे जुळवत बसायचा. एक आकडा चुकला तरी त्याचा चेहरा पडायचा.

एकदा भारतात, ईशापूरला बनलेली रायफल आली. सगळे नंबर जुळले, म्हातारा खुलला. मग लाकडी दस्ता बघून त्याने लिहिलं: ओरखडे, किंमत कमी.

माझं डोकंच फिरलं. त्याचाच खडू मी दस्त्यावर घासला, पुसला. ‘धोंडू’ अशी अक्षरं ठळक उमटली.

“हे ओरखडे नाहीत. आमच्याकडच्या शिपायाचं नाव आहे,” मी म्हणालो.

“नावासोबत पलटणीतला नंबर नाही ना? मग डॅमेजच, मेट.”

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. दोन वर्षं मी त्याच्यासमोर रायफली आणून ठेवल्या. माझं नावही त्याने कधी विचारलं नाही.